आजच्या ब्रिटिश कादंबऱ्यांतला संघर्ष: कसा वाचायचा, कसा शिकवायचा?

सांजवारा

एम.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते. या सत्रात युद्ध, दंगली, स्थलांतर, संप अशा उलथापालथींवरच्या अलीकडच्या ब्रिटिश कादंबऱ्या नेमल्या आहेत. दरवर्षी एकच गोष्ट खटकते म्हणून हा धागा. 'मिल्कमन'वर निबंध लिहायला सांगितला की पहिली दोन पानं उत्तर आयर्लंडच्या इतिहासाची असतात, शेवटचं पान 'म्हणून ही कादंबरी महत्त्वाची आहे' असं असतं आणि मधे कादंबरी कुठेच नसते. मुलं हुशार आहेत, वाचतातही. पण संघर्ष म्हणजे बातमी, आणि कादंबरी म्हणजे त्या बातमीचा पुरावा, असं कुठेतरी पक्कं बसलंय. गाइडांनी ते आणखी पक्कं केलंय.

माझं म्हणणं असं की या लेखकांना बॉम्बपेक्षा बोलण्यात जास्त रस आहे. संघर्ष सुरू झाला की कोण काय बोलू शकतं, कोणाला गप्प बसावं लागतं, कोणाच्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला जातो, हे सगळं बदलतं. तो बदल पकडण्यासाठीच या कादंबऱ्या लिहिल्या आहेत. म्हणून पहिला प्रश्न 'काय घडलं' हा नसून 'हे कोण सांगतंय आणि त्याला काय सांगता येत नाहीये' हा असावा.

अॅना बर्न्स यांची 'मिल्कमन' घ्या (२०१८चं बुकर). बर्न्स स्वतः बेलफास्टच्या आर्डॉइन भागात वाढल्या, पण पुस्तकात शहराचं नाव नाही, कोणत्याही बाजूचं नाव नाही, माणसांचीही नाहीत. सांगणारी अठरा वर्षांची मुलगी म्हणजे 'मधली बहीण'. तिचा मित्र म्हणजे 'कदाचित-बॉयफ्रेंड'. एक्केचाळीस वर्षांचा, बंदूकवाल्यांमधला एक वजनदार माणूस तिच्या मागे लागतो, तोच 'मिल्कमन'. ती रस्त्याने 'आयव्हॅनहो' वाचत चाललेली असते, तो गाडी थांबवतो आणि सोडू का म्हणून विचारतो. पुढे ती पळायला जाते तिथे शेजारी येऊन पळू लागतो. पूर्ण कादंबरीत तो तिला बोटही लावत नाही. आणि म्हणूनच तिला तक्रार करता येत नाही. हात लावला तरच त्रास, असं मानणाऱ्या वस्तीत ती सांगणार काय, आणि कोणाला? वस्तीने तर तिला त्याची बाई ठरवून टाकलेलं असतं.

त्यातला गाडीच्या सुट्या भागाचा प्रसंग मी वर्गात दोन तास घेते. कदाचित-बॉयफ्रेंड मेकॅनिक आहे. एका जुन्या ब्लोअर बेंटलीचे भाग गॅरेजमधल्या पोरांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले, त्यात याच्या वाट्याला सुपरचार्जर आला. पोरगा हरखून गेलाय, शेजारीपाजारी बघायला जमलेत. बेंटली म्हणजे 'पाण्यापलीकडच्या' देशाची, म्हणजे इंग्लंडची गाडी. तेवढ्यात एकजण सहज विचारतो, 'झेंडा असलेला भाग कोणाला मिळाला रे?' झेंडा असलेला भाग तिथे नाहीच. पण प्रश्न विचारला गेला. खोलीतली हवा बदलते, माणसं एकेक करून निघतात, आणि थोड्याच दिवसांत या पोराने शत्रूचा झेंडा घरात ठेवलाय अशी वदंता सगळीकडे होते. गोळी सुटलेली नाही, कोणी मेलेलं नाही. तरी उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरचा तीस वर्षांचा संघर्ष तिथे सगळाच्या सगळा आहे. मुलांना मी सांगते, खोलीतला आनंद नेमका कोणत्या वाक्याला मावळला तिथे पेन्सिलीने खूण करा.

दुसरं उदाहरण पॅट बार्करची 'रीजनरेशन' (१९९१), तिच्या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली पहिली. १९१७ साल, एडिंबरोजवळचं क्रेगलॉकहार्ट हे युद्धाने मन मोडलेल्या अधिकाऱ्यांचं इस्पितळ. कवी सिगफ्रीड ससूनने युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन केलं. कोर्ट मार्शल टळावं म्हणून त्याला आजारी ठरवून इथे पाठवलं. डॉक्टर रिव्हर्सच्या एक गोष्ट लक्षात येते: साध्या शिपायांची वाचा जाते, अधिकारी मात्र बोलताना अडखळतात. ज्याला उलट बोललं तर शिक्षा होते त्याचं शरीर बोलणंच बंद करून टाकतं. आता बिली प्रायर बघा. कामगाराचा मुलगा, युद्धामुळे अधिकारी झालेला. तो येतो तेव्हा मुका असतो, कागदावर मोठ्या अक्षरांत उत्तरं लिहितो. हुद्दा बदलला, वर्ग घशात तसाच राहिला. सामाजिक बदल म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात दुसरीकडे सापडलेलं नाही. आणि रिव्हर्स स्वतः अडखळत बोलतो, हेही बार्कर विसरू देत नाही.

याच पुस्तकात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायका आहेत, रसायनांनी कातडी पिवळी पडलेल्या. त्यातली लिझी म्हणते की १९१४च्या ४ ऑगस्टला, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरलं त्याच दिवशी, शांतता सुरू झाली, माझ्या आयुष्यातली पहिलीच. नवरा फ्रान्सला गेला ना! हे वाक्य ऐकल्यावर वर्गात मुली एकमेकींकडे बघतात. तिथून पुढे चर्चा मला चालवावी लागत नाही.

तुम्ही कोणत्या कादंबऱ्या वाचल्यात, शिकताना वा शिकवताना काय उपयोगी पडलं, ते सविस्तर लिहा.

गोदाकाठ

उत्तम धागा. मुद्दा पटला, पण अर्धाच. मी इतिहासाचा माणूस, तेव्हा थोडं भांडतो.

पार्श्वभूमी बाजूला ठेवा म्हणणं तुम्हाला परवडतं, कारण ती तुमच्या डोक्यात आधीच आहे. परभणीहून आलेल्या पोराला उत्तर आयर्लंडमधली १९७१च्या ऑगस्टची विनाचौकशी धरपकड माहीत नसते. १९७२च्या ३० जानेवारीला तिथल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून तेरा जणांना जागीच मारलं, चौदावा नंतर गेला, हेही माहीत नसतं. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली आणि १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ते निवळलं, एवढं तरी हवंच.

उदाहरण तुमच्याच 'मिल्कमन'मधलं. त्या मुलीवर विषप्रयोग होतो आणि तिला कोणी इस्पितळात नेत नाही. आईसकट शेजारणी घरीच उलट्या काढायला लावून तिला वाचवतात. इतिहास ठाऊक नसलेला वाचक म्हणणार, काय अडाणी बायका! तिथे इस्पितळ म्हणजे पोलिस, आणि पोलिसांशी एकदा गाठ पडली की तुमच्यावर खबऱ्या असल्याचा शिक्का, हे समजलं तर त्याच बायका धोरणी वाटतात. तपशील एकच, इतिहासाशिवाय त्याचा अर्थ उलटा होतो.

तेव्हा इतिहास आधी की कादंबरी आधी, हा वाद सोडा. इतिहास कमी शिकवला जातो म्हणून तो निबंधात दोन पानं खातो. नीट शिकवला तर पोरं त्याची दोन वाक्यं करतील.

चैत्रपालवी

वाचतेय. इतिहास वर्गात शिकवण्यापेक्षा प्रसंग वाचताना जिथे अडेल तिथेच सांगितला तर? इस्पितळाचं वाचून मला स्वतःहून शोधावंसं वाटलं.

सांजवारा

गोदाकाठ, इस्पितळाचा मुद्दा मान्य, आणि तो मी वर्गात घेणार. पण तुमचं उदाहरण चैत्रपालवी म्हणतात तेच दाखवतंय. आधी प्रसंग खटकला, मग इतिहासाची गरज पडली. मी म्हणते तो क्रम हाच. आधी दोन तास धरपकड आणि करार शिकवले की मुलं कादंबरीत तेवढंच शोधतात आणि सापडलं की थांबतात. बर्न्स यांनी शहराचं नाव गाळलंय ते वाचकाने लगेच बेलफास्टच्या खणात पुस्तक ठेवून देऊ नये म्हणून, असं मला वाटतं. आम्ही शिक्षक पहिल्याच तासाला ते ठेवून मोकळे होतो.

टेम्सकाठची

धागा पाहून राहवलं नाही. वायव्य लंडनमध्ये बरीच वर्षं आहे. कमिला शम्सी यांची 'होम फायर' (२०१७) ज्या प्रेस्टन रोडवर घडते, तिथून भाजी आणते मी.

ग्रीक शोकांतिकेतली, राजाची बंदी मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी आजच्या ब्रिटनमध्ये आणलीय. इस्मा, अनीका आणि पर्वेझ ही तीन भावंडं. पर्वेझ जिहादींच्या नादी लागून सीरियात जातो. गृहमंत्री करामत लोन स्वतः पाकिस्तानी वंशाचा आणि अशा बाबतीत सर्वांत कडक. भाऊ मेल्यावर त्याचं प्रेत देशात येऊ द्यायचं की नाही, यावर सगळं येऊन ठेपतं. पाच भाग, पाच जणांच्या नजरेतून. सांजवाराताई म्हणतात तो 'कोण सांगतंय' हा प्रश्न इथे फार लागू आहे, कारण शेवटचा भाग गृहमंत्र्याच्या वाट्याला आलाय. ज्याच्यावर आपला राग आहे, त्याच्याच डोक्यात बसून आपल्याला शेवट बघावा लागतो.

पहिलाच प्रसंग हीथ्रोचा. इस्मा पीएचडीसाठी अमेरिकेला निघालीय आणि चौकशीच्या खोलीत अडकलीय. अडवणार हे तिला ठाऊक आहे, तिने उत्तरांची तालीमही केलीय. राणीबद्दल, लोकशाहीबद्दल काय वाटतं असं विचारतात. बॅगेतलं जाकीट चांगल्यापैकी आहे, ते तिचंच का, अशी शंका घेतात. विमान निघून जातं. आवाज कुणीच चढवत नाही. इथे ज्यांचं नाव आणि कातडी आमच्यासारखी आहे त्यांना हा शांत आवाज ओळखीचा आहे.

आता पुढचं बघा. २०१८च्या एप्रिलमध्ये विंडरश प्रकरणावरून गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. कॅरिबियन बेटांतून लहानपणी आलेल्या, इथेच म्हाताऱ्या झालेल्या माणसांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं होतं. त्यांच्या उतरण्याची जुनी नोंदपत्रं गृहखात्यानेच २०१०मध्ये नष्ट केली होती. रड यांच्या जागी आले साजिद जाविद, पाकिस्तानी वंशाचे. २०१९च्या फेब्रुवारीत त्यांनी शमीमा बेगमचं नागरिकत्व काढून घेतलं. पंधराव्या वर्षी लंडनहून सीरियाला गेलेली मुलगी. कादंबरी त्याआधी दीड वर्ष छापून झाली होती. लोक याला भविष्यवाणी म्हणतात. शम्सींनी अस्तित्वात असलेला कायदा नीट वाचला होता, असं मी म्हणेन. २०१४च्या दुरुस्तीने सरकारचे हे अधिकार आधीच वाढवून ठेवले होते.

आणि विंडरशचा विषय निघालाय तर अँड्रिया लेवीची 'स्मॉल आयलंड' (२००४) घ्याच. ज्या 'विंडरश' जहाजावरून त्या प्रकरणाला नाव पडलं, त्याच जहाजाने लेवीचे वडील १९४८मध्ये आले होते. जमैकाहून आलेली हॉर्टेन्स शिक्षिकेची पदवी आणि शिफारसपत्रं घेऊन, ठेवणीतला पोशाख करून शिक्षण खात्याच्या कचेरीत जाते. तिची पत्रं इथे चालत नाहीत असं सांगितलं जातं. ती मान ताठ ठेवून दार उघडते आणि बाहेर पडते. पण ते झाडू-बादल्यांचं कपाट असतं. मागे बायका हसतात. त्या अंधारात ती क्षणभर तशीच उभी राहते. साम्राज्याने शाळेत शिकवलेलं सगळं इंग्लंड त्या कपाटात संपतं.

मूकनायक_वाचक

या यादीत सुनजीव सहोतांची 'द इयर ऑफ द रनअवेज' (२०१५) नसेल तर यादी अपुरी आहे. शेफील्डमध्ये एका घरात दाटीवाटीने राहणारे पोरगे, बांधकामावर रोजंदारी करणारे. अवतारने किडनी विकून पैसे उभे केलेत. रणदीप कागदोपत्री लग्न करून आलाय. आणि तोची, बिहारचा चांभार. त्याचं कुटुंब सवर्णांच्या सेनेने संपवलं, त्यानंतर तो निघालाय.

स्थलांतरावरच्या बाकीच्या पुस्तकांमध्ये संघर्ष म्हणजे गोरे विरुद्ध इतर. इथे घरातले सगळे तपकिरी, सगळे बेकायदा, सगळे उपाशी. तरी तोचीच्या ताटापासून सरकून बसणारे आहेत. एके ठिकाणी त्याच्या लग्नाचा विषय निघतो, जात कळते आणि ज्या बाईने आपुलकीने जेवू घातलं ती बदलते. मी हे वाचताना पुस्तक बाजूला ठेवून फिरून आलो. विमानात बसून सात समुद्र ओलांडले म्हणून जात किनाऱ्यावर राहत नाही, हे आमच्या आधीच्या पिढीने लिहून ठेवलंच आहे. पण ते ब्रिटिश कादंबरीत, बुकरच्या अंतिम यादीत येणं याचं मोल मला आहे.

गोदाकाठ, इथे इतिहास मी देतो. समतेच्या कायद्यात जातीचा समावेश करावा असं बंधन ब्रिटिश संसदेने २०१३मध्ये सरकारवर घातलं. २०१८च्या जुलैमध्ये सरकारने ते करायचं नाही असं जाहीर केलं, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत म्हणाले. लॉबिंग कोणी केलं हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्याच लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२मध्ये राहिले होते, महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ते घर विकत घेतलं.

सांजवारा, एक विनंती. तोचीला वर्गात 'स्थलांतरित' म्हणून शिकवू नका. बहुतेक परीक्षणं तसंच करतात. मजूर म्हणून त्याचं दुःख बाकीच्यांसारखंच आहे, पण तो गप्प असतो त्याचं कारण वेगळं आहे. तुमचाच प्रश्न त्याला लावा.

निळासावळा

मला या सगळ्या प्रकाराबद्दल तक्रार आहे. ब्रिटिश कादंबरी दुसऱ्यांवर लादलेलं युद्धही स्वतःच्या दिवाणखान्यातून बघते. इयन मॅकइवनची 'सॅटर्डे' (२००५) बघा. १५ फेब्रुवारी २००३, इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लंडनमध्ये प्रचंड मोर्चा. आणि आपण कोणाबरोबर आहोत? मेंदूचा शल्यविशारद पेरोन, भारी गाडी, स्क्वॅश, संध्याकाळच्या जेवणासाठी मासळीची खरेदी. मोर्चा त्याला वाहतुकीचा अडथळा. इराकी माणूस येतो तो त्याचा पेशंट, सद्दामच्या तुरुंगात छळ सोसलेला प्राध्यापक, आणि त्याच्यामुळे पेरोनला युद्धाबद्दल ठाम विरोध करवत नाही. ज्यांच्यावर बॉम्ब पडणार आहेत ते पुस्तकात कुठेत? लेखन उच्च दर्जाचं आहे, वाक्यं अप्रतिम आहेत, आणि मला त्याचाच राग येतो.

सांजवारा

मूकनायक_वाचक, तुमची विनंती मी आज्ञा म्हणून घेते. सहोता या सत्रात येतील, आणि तोचीवरचा तास तुम्ही म्हणता त्या अंगाने होईल. तुम्हाला ऑनलाइन येऊन मुलांशी बोलता आलं तर मला फार आवडेल.

निळासावळा, 'सॅटर्डे' मी मुद्दाम ठेवलीय. राग खरा आहे, पण त्याच रागाने ती वाचायची. पेरोनच्या नजरेबाहेर पुस्तक एकदाही जात नाही, म्हणजे सुखवस्तू माणसाला युद्ध किती लांबून आणि किती स्वच्छ दिसतं ते पूर्ण दिसतं. हे लेखकाला किती अभिप्रेत होतं यावर वर्गात वाद होऊ दे.

पण 'ब्रिटिश कादंबरी' म्हणून सरसकट म्हणू नका. बार्करच्या मालिकेतली तिसरी, 'द घोस्ट रोड' (१९९५, तिला बुकर मिळालं), नेमकं उलट करते. खरा डॉक्टर रिव्हर्स हा मानववंशशास्त्रज्ञही होता. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा त्याचा ग्रंथ १९०६चा, पुढे तो पॅसिफिकमधल्या मेलानेशियातही राहिला. कादंबरीत तापाने फणफणलेल्या रिव्हर्सला तिथल्या बेटाच्या आठवणी येतात. ब्रिटिशांनी तिथे शत्रूची मुंडकी आणण्याच्या मोहिमांवर बंदी घातली आहे, रानटीपणा म्हणून. त्या मोहिमांभोवतीचं सगळं जगणंच गेल्यामुळे ती माणसं खचत, संपत चाललीत. आणि बंदी घालणारं साम्राज्य इकडे फ्रान्समध्ये आपली पोरं हजारोंनी कापायला पाठवतंय. दोन्ही कथा शेजारी शेजारी चालतात, बार्कर भाष्य करत नाही. दिवाणखान्याची खिडकी तिथे राहत नाही.

आणि आवाजाचाच विचार असेल तर डेव्हिड पीसची 'जीबी एटीफोर' (२००४). १९८४-८५चा खाण कामगारांचा संप, आठवड्यामागून आठवडा. नेते, सरकारी माणसं, दलाल यांची कथा एकीकडे, आणि प्रत्येक आठवड्याला दोन साध्या खाणकामगारांपैकी एकाचं सलग, गच्च छापलेलं मनोगत. मुख्य कथेतल्या कोणालाही ते ऐकू जात नाही. संप का हरला याची कारणमीमांसा देणारी पुस्तकं असंख्य असतील, पण खाली चिरडलेला आवाज पानावर कसा दिसतो ते इथे डोळ्यांनी दिसतं. वाचायला अवघड आहे, आधीच सांगते.

पहिलं_सत्र

मी एम.ए.ला आहे, इंग्रजी माध्यमातली नाही. ही पुस्तकं वाचायला भीती वाटते. 'मिल्कमन'ची दहा पानं वाचून सोडली, परिच्छेद संपतच नाही. सुरुवात कशाने करू? आणि निबंधात इतिहास किती लिहायचा, ते नेमकं सांगाल का?

टेम्सकाठची

'स्मॉल आयलंड'ने कर. चार माणसं आळीपाळीने बोलतात, इंग्रजी सोपं आणि रसाळ आहे. त्यातला बर्नार्ड युद्धात हिंदुस्थानात असतो, त्याचं बोलणं ऐकून संताप येईल, तरी वाच. ब्रेक्झिटवरचं काही हवं असेल तर अॅली स्मिथची 'ऑटम' छोटी आहे. सार्वमत झालं २०१६च्या जूनमध्ये, पुस्तक आलं ऑक्टोबरमध्ये. पासपोर्टचा अर्ज भरायला गेलेल्या बाईचा पोस्टातला प्रसंग वाचून बघ, फोटोत तुमच्या डोक्याचं माप चुकलंय म्हणून अर्ज परत.

सांजवारा

पहिलं_सत्र, 'मिल्कमन' सोडलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ती मोठ्याने वाच. ती मुलगी भरभर, एका दमात, विषयाला फाटे फोडत बोलतेय, कारण दुसरीकडे कुठेच तिला बोलता आलेलं नाही. कानाने ऐकलंस तर परिच्छेदाची लांबी आडवी येणार नाही. गाडीच्या भागाचा प्रसंग पहिल्या प्रकरणातच आहे, तिथपर्यंत जा.

निबंधाचं म्हणशील तर एक प्रसंग निवड, अर्ध्या पानाचा. त्यात कोण बोलतं, कोण गप्प आहे, काय बोललं गेलं नाही ते लिही. मग स्वतःला विचार, हे समजायला वाचकाला बाहेरची कोणती गोष्ट माहीत असायला हवी? तेवढीच लिही. इस्पितळाबद्दल गोदाकाठांनी वर लिहिलंय ते चार-पाच वाक्यांत आहे, तो नमुना समज.

गोदाकाठ, 'रीजनरेशन'मध्ये डॉक्टर यीलंड एका मुक्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देऊन त्याला बोलायला लावतो, आणि रिव्हर्स ते बघत उभा असतो. यीलंडही खरा माणूस, त्याच्या उपचारांच्या नोंदी उपलब्ध आहेत. नोंदी आणि प्रसंग शेजारी ठेवून वाचायचं तर इतिहासवाल्याची गरज लागेल. तयार असाल तर रविवारी त्यावर वेगळा धागा काढते.

गोदाकाठ

तयार आहे. पण सुरुवात नोंदींपासून करू.